तळाशी, बारीक अक्षरांत

मडगावच्या जुन्या बाजारातून कोर्टाकडे वळताना
पहिल्या माळ्यावर आमचं ऑफिस. खाली बेकरी.
दावे, वकालतनामे, प्रतिज्ञापत्रं,
सगळ्यांनाच थोडा पोयांचा वास.

पणजीच्या मोठ्या फर्ममध्ये गेलेला आमचा ज्युनियर
फोनवर सांगतो, तिथे दर महिन्याला एक जण 'तारा' होतो.
भिंतीवर फोटो, मांडवीत क्रूझ,
वाढदिवसाला केक, आणि केकवर नाव
बहुतेक वेळा बरोबर.
मी म्हणते, बरं आहे रे.

आमच्याकडे बाई निकाल देतात.

मे महिन्याची सुट्टी लागते त्याच्या आदल्या संध्याकाळी
अ‍ॅडव्होकेट दुल्सिना फुर्तादो काळा कोट चढवून
टेबलामागे बसतात,
आणि पुंडलीक शिपाई दारातून पुकारा करतो.

यंदा पहिला साबाजी गावडे, कारकून.
आरोप: सव्वीस वर्षं रजिस्ट्रीच्या रांगेत
डबा न उघडता उभा राहिला.
छप्पर गळून भिजलेली एक इन्व्हेंटरी घरी नेऊन
पानागणिक नातवाच्या पाळण्याच्या दोरीवर वाळवली.
गुन्हा शाबीत.
शिक्षा: दर बुधवारी तीनला घरी जाणे,
त्याच नातवाची फुटबॉलची मॅच शेवटपर्यंत पाहणे.
कसूर झाल्यास शिक्षा दुप्पट.

मग जुझे ड्रायव्हर.
म्हाताऱ्या पक्षकारांना घराच्या पायरीपर्यंत सोडलं,
पेट्रोल कुठेच लिहिलं नाही.
फेस्ताचे तीन दिवस गाडी त्याची. टाकी भरून.

हे निकाल बाई इंग्रजीत सांगतात, मी टाइप करते.
म्हणून सगळे हसतात तेव्हा
माझं हसून झालेलं असतं.
माझा निकाल मलाच कसा सांगणार?
मला एक पाकीट मिळायचं. साडीपुरतं.
मी समजून घ्यायचे.

यंदा जुझेनंतर पुंडलीक पुन्हा ओरडला. तीनदा.
पहिल्या दोन वेळा
मीसुद्धा दाराकडे पाहिलं, कोण आलंय म्हणून.

बाईंनी स्वतः टाइप केलं होतं.
दोन बोटांनी, दोन रात्री बसून,
आणि देवनागरीत,
जी त्यांना दुकानांच्या पाट्यांपुरतीच येते.

ऑफिस विरुद्ध रत्नमला खाडेंपारकर.

आरोप: मुंडकाराच्या एका अर्जात
वकिलाने सर्व्हे नंबर ११८/३ सांगितला असताना
हिने न विचारता, रात्री साडेसातला,
फाईल पुन्हा काढून ११३/८ केला.
त्या ११३/८ मध्ये आज एक म्हातारी कोंबड्या पाळते.
कोर्टाने वकिलाचं कौतुक केलं.
वकिलाने ते घेतलं.
ही बाब आजवर रेकॉर्डवर नव्हती.

एवढं वाचून बाई पुढचं पान शोधू लागल्या.
ड्रॉवरमध्ये, कोटाच्या खिशात, टेबलाखाली.
पुढचं पान प्रिंटच झालं नव्हतं.
साबाजी म्हणाला, शिक्षा राखून ठेवली असं लिहा.
पुंडलीक पाव आणायला खाली उतरला.

कागद माझ्या हातात आला,
तशी सवयीने मी कानामागची पेन्सिल काढली.
'खां'वरचा अनुस्वार सरकलेला,
'शाबित'चं 'शाबत' झालेलं,
आणि पहिल्याच ओळीत काना गळून
रत्न मला, असं काहीतरी.

पेन्सिल जरा वेळ तिथेच धरली.
मग परत कानामागे.

पानाच्या तळाशी, कोपऱ्यात,
मी बारीक अक्षरांत घालते: दु.फु./र.खां.
आधी सांगणारी, मग टाइप करणारी.
तिथे होतं: र.खां./दु.फु.

चूक की मुद्दाम, ते विचारलं नाही.
कागद फाईलला लावून टाकला.
कुठल्या, ते सांगणार नाही.